डाव्या पायाचा ब्रेक

केदारच्या खोलीत पाहुण्याला बसायला जागा नाही. खुर्ची एकच आहे आणि तीही एका जुन्या मोटारीतली, भंगारवाल्याकडून आणून लाकडी चौकटीवर बसवलेली. तिच्यासमोर टेबलाला आवळलेलं स्टीअरिंग, खाली दोन पायडल आणि भिंतीवर टीव्ही. एक ब्रेकचं पायडल, एक रेसचं. क्लच नाही. गिअर स्टीअरिंगच्या मागच्या पट्ट्या ओढून बदलायचे. हे सगळं मी आता सांगू शकते. तेव्हा मला त्या खोलीत फक्त धूळ दिसायची.

केदार माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन अकोल्याला जुन्या शहरातल्या या घरात आले तेव्हा तो शाळेत जात होता, म्हणून मी त्याला भावजी असं कधी म्हटलंच नाही. पुढे यांच्या नोकरीपायी आम्ही अमरावतीला बिऱ्हाड केलं आणि केदार बी.एस्सी.साठी आमच्याकडे राहायला आला. तिथंच एका मित्राच्या घरी त्याला तो गेम भेटला. त्या गेमचं नाव लांबलचक इंग्रजी आहे. मी त्याला केदारचा गेम म्हणते. मोटारींच्या शर्यतीचा गेम, पण अगदी खऱ्यासारखा, असं त्याचं म्हणणं. दर काही वर्षांनी त्याचा नवा भाग येतो आणि केदारनं एकही भाग सोडलेला नाही. त्याच्या लग्नाआधी एक भाग आला, इशिता पोटात असताना एक आला, कोरोनानंतर एक आला. घरातल्या गोष्टींचा हिशेब मी असाच लावते.

आता तो ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि चांगला शिकवतो. मुलं त्याला मानतात. वर्तुळाकार गती शिकवताना फळ्यावर शर्यतीचं वळण काढतो आणि म्हणतो, "पोट्टेहो, हे समीकरण नाही, हे टायरचं रडणं हाय." वर्गातल्या मुलांना मग ते समीकरण जन्मात विसरायला होत नाही.

गेमबद्दल विचारलं की त्याला वेळेचं भान राहत नाही. मी मेथी निवडत बसायची आणि तो सांगायचा. "वहिनी, बाकीच्या गेममध्ये गाडी म्हणजे कागदाचा डबा असते. इथं गाडीले वजन हाय. ब्रेक मारला की नाक खाली जाते, मागचा भाग हलका होते, न तेव्हाच तुमी स्टीअरिंग फिरवलं तं गाडी जागच्या जागी फिरते. पाऊस पडून गेला की ज्या पट्ट्यावरून गाड्या गेल्या तो पट्टा आधी सुकते. सांगा, इतकं कोण पाहते?"

मग त्याला स्वतःलाच राहवायचं नाही आणि तो दोषही सांगायचा. मला त्याचं हे आवडायचं, जीव लावलेल्या गोष्टीचे दोषही तो दडवून ठेवत नसे. "इंजिनचा आवाज पाहा. किती वर्षं झाली, आपल्या मिक्सरसारखाच येऊन राहिला. न बाकीच्या गाड्या पाहा. एकामागं एक, शाळेच्या प्रार्थनेले निघाल्यासारख्या. आपण मधात हाओत हे त्यायले दिसतच नाही, सरळ येऊन ठोकतात. इंटरनेट गेलं की अर्धा गेम बंद. न सगळ्यात मोठं खोटं म्हणजे ठोकर. भिंतीवर आपटा, दुसऱ्याच्या अंगावर घाला, गाडीले फार तं एक ओरखडा. पुन्हा चालू. एवढं सगळं खरं करणाऱ्यायले हे एक खरं करता आलं नाही."

हेच सगळं तो वऱ्हाडीत बोलून यूट्यूबवर टाकतो. पाहणारे थोडेच आहेत, पण जिव्हाळ्याचे आहेत.

या सगळ्यातून आमच्या गल्लीनं एक निष्कर्ष काढला, की केदारसरांना गाडीतलं कळतं. ते खोटंही नव्हतं. कोणाला गाडी घ्यायची असली की तो केदारकडे येणार. समोरच्या घरातल्या सूर्यभानभाऊंनी, म्हणजे पातूरकडे ज्यांची शेती आहे त्यांनी, केदारच्या सांगण्यावरून ठरलेली गाडी रद्द करून दुसरी घेतली आणि अजून त्याचे गुण गातात. कोणाच्याही गाडीत बसला की केदार पुढच्या सीटवर, आणि चालवणाऱ्याला सूचना चालू. "वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. आता सोड. आता दाब." माधवीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, माहेरी चांदूर रेल्वेला जाताना तिचा भाऊ एकदा गाडी थांबवून म्हणाला होता, "जावईबापू, तुमीच घ्या ना चालवाले." केदार म्हणाला, "नाही, मले मान दुखून राहिली."

त्याच्याकडे लायसन्स होतं. एजंटाकडून काढलेलं, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. स्कूटर तो सफाईनं चालवतो. आणि खोलीत एवढं मोठं स्टीअरिंग. मग कोणाच्या मनात तरी कशाला येईल, की या माणसानं खरी मोटार कधी चालवलेलीच नाही?

माझे सासरे, कमलाकांत गुरुजी, भिक्षुकी करतात. आता वय झालं, पण गाड्यांच्या पूजेला अजून त्यांनाच बोलावतात. अकोल्यातल्या कितीतरी गाड्यांच्या बॉनेटवर पहिलं स्वस्तिक मामंजींच्या बोटानं निघालेलं आहे. त्यांची एक पद्धत आहे. हार घालून, नारळ फोडून झालं की चारी चाकांखाली लिंबं ठेवायची आणि गाडी यजमानानं स्वतः पुढे घ्यायची. शोरूमच्या माणसाला ते बसू देत नाहीत. यजमानाला गाडी येत नसेल तर त्याचीही सोय आहे. त्यानं तसं सांगायचं, मामंजी चालवणाऱ्याच्या हातावर सुपारी ठेवून तेवढ्यापुरतं त्यालाच यजमान करतात. यात कोणाला काही वाटत नाही. बडे बडे वकील आणि डॉक्टर, "गुरुजी, मला येत नाही, ड्रायव्हरला द्या सुपारी," असं हसत हसत सांगतात.

दुसऱ्यांच्या गाड्या ओवाळण्यात आयुष्य गेलेल्या मामंजींच्या दारात गेल्या अक्षय्य तृतीयेला पहिली स्वतःच्या घरची गाडी आली. केदारनं घेतली. माधवी म्हणत होती, आपोआप गिअर बदलणारी घ्या, सोपी पडेल. केदार म्हणाला, "हातानं गिअर टाकाचे तेच खरी गाडी." आम्ही दोघं अमरावतीहून सकाळीच आलो. वैशाखातलं अकोल्याचं ऊन, पण मामंजी नवं धोतर नेसून ओट्यावर तयार.

गाडी शिवम घेऊन आला. शिवम शोरूममध्ये गाड्या तपासून घरपोच द्यायच्या कामावर आहे. तो केदारचाच जुना विद्यार्थी, पातूरचा, नुकतं लग्न झालेला. सरांच्या घरी गाडी द्यायची म्हणून त्यानं दुसऱ्याची पाळी मागून घेतली होती.

पूजा झाली. मामंजींनी चाकांखाली लिंबं ठेवली आणि हातात सुपारी घेऊन विचारलं, "कोण घेतं पुढे?"

मला आता वाटतं, ते मुद्दाम विचारत होते. बापाला काही तरी अंदाज असणारच. पण केदारनं सुपारीकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच, आणखी कोण?" म्हणाला.

शिवम पुढे झाला. "सर, नवीन गाडी हाय, क्लच जरा वर हाय हिचा. मी बसू काय बाजूले?"

"काहून? मले शिकवतं काय तू?" केदार म्हणाला, आणि सगळे हसले. शिवमही हसून मागे सरला.

आमची गल्ली मोर्णा नदीच्या बाजूला उतरती आहे. गाडीचं तोंड उताराकडे. मामंजी गाडीच्या थोडे पुढे, एका बाजूला, तांब्यातलं पाणी शिंपडायला उभे राहिले. गाडी सुरू झाली. एक हिसका बसला, लिंबं फुटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. इथं गाडी थांबायची. ती थांबली नाही. इंजिन मोठ्यानं ओरडलं आणि गाडी उतारावर तशीच निघाली. मामंजी बाजूला होता होता बंपरचा कोपरा त्यांच्या मांडीला लागला आणि ते उजव्या हातावर पडले. गाडी सूर्यभानभाऊंच्या दगडी ओट्याला जाऊन भिडली तेव्हा थांबली.

केदार दार उघडून धावत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "ब्रेक लागला नाही," तो म्हणत होता. "पूर्ण दाबला होता मी, पूर्ण. लागलाच नाही."

त्या क्षणी तो खोटं बोलत नव्हता. हे मी मुद्दाम सांगते.

मामंजींचं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी कसं झालं म्हणून विचारलं तर मामंजी म्हणाले, "पाणी सांडलं होतं, पाय घसरला." आणि पुढं जो कोणी भेटायला आला त्याला तेच सांगितलं. गल्लीनं मात्र दुसरंच धरलं. कंपनीनं बिनब्रेकची गाडी दिली. सूर्यभानभाऊ तर पेटलेच. त्यांनीच केदारला स्कूटरवर मागे बसवून शोरूमला नेलं आणि मॅनेजरसमोर टेबलावर हात आपटला. संध्याकाळी गाडी ओढून नेली. कंपनीचा इंजिनिअर येऊन तपासेपर्यंत, गाडी ज्यानं पाहून दिली त्या शिवमला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

हे अमरावतीला परत गेले. मी राहिले. मामंजींना घास भरवण्यापासून सगळं होतं आणि माधवीच्या एकटीच्या अंगावर ते टाकणं बरं दिसलं नसतं. त्या दिवसांत केदार फार कमी बोलायचा. सुट्ट्या होत्या, तरी खोलीत जाऊन खेळत नव्हता. मला वाटलं, बापाच्या हाताचं लागलं असेल मनाला.

एका दुपारी कूलरचं पाणी भरून मी बसले होते. मामंजींचा डोळा लागला होता, केदार मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. इशिता, त्याची मुलगी, सातवीतली, माझ्या मागे लागली. "मोठी आई, तू एकदा तरी चालव ना. बाबांचा गेम."

मी पदर खोचून त्या खुर्चीत बसले. पहिल्याच वळणावर भिंतीवर आपटले. काही झालं नाही. गाडी आपली पुन्हा रस्त्यावर. दुसऱ्या वळणावर पुढच्या गाडीला मागून धडकले, तर तिचा आधार मिळून माझं वळण चांगलं झालं. मला हसू यायला लागलं. खरं सांगते, मजा येत होती. केदार सांगायचा ते सगळं पोटात जाणवत होतं, गाडीचं वजन, चाकांची पकड सुटणं. रस्ता सुंदर होता, कडेला झाडी, वर ढग. पाहता पाहता माझ्या लक्षात आलं, की एवढ्या रस्त्यावर कोणी आडवं जात नाही. कुत्रं नाही, म्हातारं माणूस नाही, तांब्या घेऊन उभं असलेलं कोणी नाही. आणि गाडी कधी थांबवायचीच नसते. शर्यत संपली की ती आपोआप चालत राहते आणि गाणं लागतं.

"मोठी आई, पाय चुकला तुझा," इशिता म्हणाली. "एकाच पायानं दोन्ही दाबतेस तू. डावा पाय ब्रेकवर ठेव, उजवा रेसवर. कायम."

"काकू, येऊ काय?" दारातून आवाज आला. शिवम होता. मामंजींचा हात पाहायला आला होता. दार कूलरसाठी उघडंच होतं. मी घाईनं उठायला लागले तर तो म्हणाला, "बसा बसा, मस्त चाललं."

इशिताला एक ऐकणारा आणखी मिळाला. "शिवमदादा, मोठी आईला सांग ना. बाबा दोन्ही पायांनी चालवतात, म्हणून तर ते एवढे फास्ट आहेत. उजव्या पायानं ब्रेक मारायचा म्हटलं तर बाबांना जमतच नाही. मी एकदा पैज लावली होती, हरले ते."

"डाव्या पायानं?" शिवमनं विचारलं.

"हो. इतकी वर्षं. त्यांचा पाय आपोआपच जातो."

शिवम त्या दोन पायडलांकडे पाहत राहिला. डावीकडचं पायडल. खऱ्या गाडीत तिथं क्लच असतो, आणि उतारावर क्लच दाबला की गाडी मोकळी सुटते, एवढं तर मलाही कळत होतं, अमरावतीला यांच्या शेजारी बसून बसून. शिवमचा चेहरा मी पाहिला. त्याला कळलं होतं. मला कळलं, हेही त्याला कळलं होतं. मधल्या खोलीत खाट करकरली आणि मग काही आवाज आला नाही.

"अच्छा," शिवम म्हणाला. बस, एवढंच.

मग त्यानं पाणी मागितलं. मामंजी जागे झाले होते, त्यांच्या पाया पडला, प्लास्टर कधी निघणार विचारलं. मामंजींनी त्यालाही पाय घसरल्याचं सांगितलं. तो मान हलवत राहिला. निघताना उंबऱ्याशी मला हळूच म्हणाला, "काकू, सोमवारी इंजिनिअर येऊन राहिला. ब्रेक चांगलाच निघन. पण मंग मलेच म्हणतील, का तूच मागून दुरुस्त केला असंन. बायकोचे वडील विचारून राहिले रोज, जावई घरी काहून बसला म्हणून."

"मग तू सांग ना बाबा, काय झालं ते," मी म्हणाले.

"मी कसा सांगू? सर हायेत ते," तो म्हणाला. आणि गेला.

मी मधल्या खोलीत गेले. केदार खाटेवर उठून बसला होता, दोन्ही पाय जमिनीवर. पायांकडेच पाहत होता.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"त्याच संध्याकाळी," तो म्हणाला. "खुर्चीत जाऊन बसलो न वहिनी, पाय खाली ठेवले न समजलं. गाडी पुढे गेली, माह्या मनानं म्हटलं ब्रेक, न डावा पाय गेला. मी जितका दाबला तितकी गाडी सुटली."

"मग इतके दिवस?"

माधवी चहाचा कप घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. तीच म्हणाली, "ताई, यांना गाडी येत नाही हे मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. माझ्या भावानं किल्ली पुढे केली की यांची मान दुखते, कधी डोळे चुरचुरतात. मी म्हटलं, एखाद्याला नाही येत, त्यात काय. पण तुम्ही सगळे इतकं कौतुक करायचात की मग ते सांगायचंच राहून गेलं."

"पहिले सांगता आलं असतं," केदार म्हणाला. "बावीस-पंचवीसचा होतो तेव्हा. मंग लोक विचाराले येऊ लागले. मंग पोट्टे सर म्हणू लागले. चाळिशीच्या माणसानं, जो दुसऱ्यायले ब्रेक कुठं मारावा ते सांगते, त्यानं कसं म्हणावं, का मले क्लच कुठं हाय ते पायाले माहीत नाही?" मग तो म्हणाला, "मी मॅनेजरले फोन करतो. तक्रार मागं घेतो म्हणतो. आमचं काही म्हणणं नाही, म्हणतो. शिवमचं होऊन जाईन."

"आणि मॅनेजर काय समजेल? की गुरुजींच्या घरच्यांनी गरिबाला माफ केलं. ब्रेक शिवमनंच बिघडवला, हे तसंच राहील."

त्यानं उचललेला फोन परत खाटेवर ठेवला.

पुढच्या खोलीतून मामंजींचा आवाज आला. आम्हाला वाटलं होतं, त्यांना ऐकू जात नसेल. "केदार, पाय घसरला म्हणून मी सांगितलं. ते माझं आहे, मी पाहीन त्याचं. तू जे सांगितलंस ते तुझं आहे." आणि मग, "सूनबाई, मला उठून बसायचंय जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी केदार स्कूटर काढून दारात उभा राहिला. निघत मात्र नव्हता. मी चपला घातल्या आणि मागे बसले.

शोरूममध्ये गारवा होता आणि काचेमागे हार घातलेल्या गाड्या उभ्या होत्या. एक कुटुंब पेढ्यांचा पुडा घेऊन किल्लीची वाट पाहत होतं. मॅनेजरनं केदारला पाहिल्याबरोबर खुर्ची दिली, सोमवारी इंजिनिअर येतोच आहे, तुम्ही काळजी करू नका, आम्ही त्या पोराला सोडणार नाही, असं सांगायला लागला.

"ब्रेक चांगला होता," केदार म्हणाला. "मी क्लच दाबला."

मॅनेजरला समजेना. केदारनं सांगायला सुरुवात केली ती वर्गात सांगतो तशी, कारण आधी आणि परिणाम नंतर. डावा पाय, उजवा पाय, सवय. शेवटी त्याला खुर्ची मागे सरकवून, दोन्ही पाय पुढे करून दाखवावं लागलं. पेढेवालं कुटुंबही पाहायला लागलं.

"गेम?" मॅनेजर म्हणाला. "म्हणजे मोबाइलवरचा?"

केदारनं तोंड उघडलं. मला माहीत होतं आता काय येणार. मोबाइलवरचा नाही, तो वेगळा, त्यात गाडीला वजन असतं, पाऊस पडल्यावर रस्ता कसा सुकतो. त्यानं तोंड मिटलं. "हो," म्हणाला. "तसाच."

"म्हणजे सर, तुम्हाला गाडी येतच नाही?"

"नाही."

"पण लायसन्स?"

"आहे."

बाजूच्या टेबलावरचा एक सेल्समन तोंडावर हात धरून उठून गेला. काचेपलीकडे गेल्यावर त्याचे खांदे हलताना दिसत होते. मॅनेजर हसला नाही, तेवढं त्याचं चांगलं. त्यानं आमच्यासमोरच शिवमला फोन लावला आणि आजपासून ये म्हणून सांगितलं. केदारला काय बोलला माहीत आहे? "सर, माझ्या मुलाला तुमच्या कॉलेजात घालणार होतो यंदा." घालणार की नाही, ते आम्हीही विचारलं नाही.

गाडी संध्याकाळी शिवमच घेऊन आला. पुढचा चेपलेला भाग तसाच होता. गल्लीत उन्हं उतरली होती आणि ओट्याओट्यावर माणसं बसली होती. आमच्या ओट्यावर मामंजी, गळ्यात हात अडकवलेले, आणि शेजारी इशिता. शिवमनं गाडी भिंतीला लावून किल्ली माधवीच्या हातात दिली आणि सगळं तिलाच समजावून सांगितलं. हँडब्रेक असा ओढायचा, उतारावर उभी करताना गिअरमध्ये ठेवायची. केदार तिच्या मागे उभा राहून ऐकत होता, विद्यार्थ्यासारखा.

"शिवम," तो शेवटी म्हणाला, "माह्यानं चूक झाली रे."

"चूक तं कोणाच्याही हातून होते सर," शिवम म्हणाला. मग जरा थांबला. त्याला बोलावं की नाही असं झालं असावं. "पण तुमी त्याच रोजी सांगाले पाह्यजे होतं. मी घरी तोंड लपवून बसलो होतो. तुमाले समजलं होतं तेव्हाच." केदारनं मान खाली घातली. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या घरात वाढलेल्या त्या पोराला त्याच्याच विद्यार्थ्यानं इतकं हळू, इतकं अदबीनं सांगितलं, की माझीच मान वर होईना.

तेवढ्यात सूर्यभानभाऊ शेतातून आले. मोटारसायकल तशीच चालू ठेवून एक पाय टेकवून त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग शिवमकडे.

"काय सर, देल्ला का नवा ब्रेक बसवून? मी म्हटलंच होतं, टेबल वाजवल्याबिगर हे लोक ऐकत नाहीत. न हा कसा काय आला परत? याले तं काढला होता ना?" ते शिवमला म्हणाले, "कावून रे, गुरुजींचा जीव घेतला असता ना तू."

शिवमनं रुमाल काढून हात पुसले. तो केदारकडे पाहतसुद्धा नव्हता. शोरूममध्ये सांगून झालं होतं, त्याची नोकरी परत मिळाली होती, केदारनं आता नुसतं हसून आत जायचं म्हटलं असतं तरी कोणी अडवलं नसतं. ओट्याओट्यावरची माणसं ऐकत होती.

केदारचे ओठ हलले. मोटारसायकलच्या आवाजात काहीच ऐकू आलं नाही.

"काय म्हणता?" सूर्यभानभाऊंनी गाडी बंद केली.

"ब्रेक चांगला होता भाऊ," केदार म्हणाला. "याची काही चूक नव्हती. मले गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती."

सूर्यभानभाऊ त्याच्याकडे पाहत राहिले. इशिता ओट्यावरून उठली आणि कोणाकडे न पाहता आत निघून गेली. केदारचं लक्ष तिच्याकडे गेलं, पण तो तिच्या मागे गेला नाही. सूर्यभानभाऊ आता काय म्हणतात ते ऐकून घ्यायला तो तिथंच उभा राहिला.